भिंतीच्या पोटातला जिना

मित्रांनो, जरा जवळ या. मोठ्याने बोलण्याचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही. मी गावातले एक जुने, दुमजली, विटांचे घर आहे.

माझ्या विटा गावाबाहेरच्या भट्टीत भाजल्या आणि चुन्यात बसवल्या. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, त्यांवर विटांच्याच कमानी. जागा वाचावी म्हणून गवंड्याने जिना भिंतीच्या पोटातच काढला. एका वेळी एकच माणूस चढेल, तेही अंग चोरून. लोक लांबून तो बघायला यायचे आणि मी फुशारून जायचे.

ज्यांनी मला बांधले, त्यांचा मुलगा घड्याळजी झाला. वरच्या खिडकीत उजेड चांगला, म्हणून तो तिथेच बसून घड्याळे दुरुस्त करी. म्हातारपणीही त्याने ती जागा सोडली नाही. एका सकाळी तो तिथेच पाय घसरून पडला आणि कमरेचे हाड मोडले.

डॉक्टरांनी त्याला ताबडतोब हलवायला सांगितले. पण स्ट्रेचर माझ्या जिन्यात वळेना. शेजाऱ्यांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा म्हातारा असा कळवळला, की मला माझ्याच जिन्याची लाज वाटली. म्हाताऱ्याचा मुलगा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा सुनेने खिडकी फोडायला सांगितली.

"माझ्या वडिलांची कमान आहे ती," म्हातारा म्हणाला. "हात लावू नका."

"कमान परत बांधता येईल, बाबा," सून म्हणाली. "तुम्हाला कुठून आणू?"

म्हाताऱ्याने कमानीवरून नजर काढून घेतली. मुलाने घण उचलला. मित्रांनो, दुखले, पण म्हाताऱ्याचे कण्हणे ऐकण्यापेक्षा ते बरे होते. पडलेल्या भगदाडातून दोर लावून त्याला सावकाश खाली उतरवले.

म्हातारा वाचला. आता काठी टेकत चालतो, खालच्या खोलीत दिव्याखाली घड्याळे उघडतो. भगदाड नव्या विटांनी बुजवले. कमान काही कोणी बांधली नाही. वर जायचे कारणच संपले, म्हणून वरच्या मजल्याला कुलूप लागले. तेव्हापासून भिंतींना ओल धरली आहे, सांध्यांतला चुना भुगा होऊन गळतो आहे.

माणसासाठी मला फोडले, त्याची तक्रार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोडा. पण मित्रांनो, तुमच्या घरातही अशी बंद खोली असेल, तर अधूनमधून तिचे दार उघडा, थोडा वारा खेळू द्या. आम्ही घावांनी पडत नाही. कोंडून ठेवले की आतून खचतो.