चादरींच्या खोलीची किल्ली

वॉर्डच्या मोठ्या सिस्टरला सगळ्या मागून फौजदार म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई; साथ आल्यापासून तर माशीनेही तिकडे फिरकायचं सोडलं होतं.

पीपीई किट चढवायच्या जागेला लागूनच चादरींची खोली होती. साथीच्या सुरुवातीला चिमणी, म्हणजे वॉर्डातली सगळ्यात धाकटी सिस्टर, किट घालूनच रडली. किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत. गॉगल धुरकटला आणि पेशंटला द्यायची सुई तिच्याच बोटात गेली. ती थोडक्यात वाचली, पण फौजदारने कानाला खडा लावला आणि फर्मान काढलं, "ज्यांना रडायचंय त्यांनी किट चढवायच्या आधी रडून घ्या. चादरींच्या खोलीत. एकीने आत जायचं, एकीने दाराशी उभं राहायचं. आत माणूस असेपर्यंत देव आला तरी दार उघडायचं नाही."

पोरी आधी हसल्या. मग नंबर लागायला लागले. सगळ्या एकदा तरी आत जाऊन आल्या, फौजदार तेवढी नाही. ती दाराशी उभी राहायची.

मावशी गेल्या त्या दिवशीही ती दाराशीच होती. मावशी म्हणजे चादरी सांभाळणारी म्हातारी आया. फौजदार नवखी असताना पलंगाच्या चादरीचा कोपरा कसा खोचायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मावशी याच वॉर्डात, स्वतः घडी घातलेल्या चादरीवर गेल्या. फौजदारने त्यांचे डोळे मिटले आणि शेजारच्या पलंगाचं सलाईन बदललं.

आता व्यवस्थापकसाहेबांना ती खोली हवी होती. आजच पाहुणे पाहणीला येणार होते, त्यांना 'मनोबल कक्ष' दाखवायचा होता. भिंतीवर हसरे चेहरे, टेबलावर फुलदाणी आणि समोर टाळ्या वाजवणाऱ्या सिस्टर. ऐन दुपारी, पाळी बदलताना, साहेब हात पुढे करून उभे राहिले.

"चादरी तळघरात हलवा. किल्ली द्या."

"आणि पोरींनी रडायचं कुठे?"

"अहो सिस्टर, रडायचंच कशाला? पॉझिटिव्ह राहायला शिकवणार आहोत ना आपण!"

फौजदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आम्हाला माणसं द्या, आठवड्याची एक सुट्टी द्या. हसायचं कसं ते आमचं आम्ही बघू."

"बदली करीन तुमची."

"खुशाल करा. माझ्या जागी येईल तिला किट मीच चढवून देते. मिळाली कोणी तर."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "सिस्टर, आत्ता आत कोणी आहे का? नाही ना? मग अडवता कशाला?"

"आहे ना," फौजदार म्हणाली. "मी आहे."

तिने कुलूप काढलं, आत गेली आणि कडी लावली.

पाहुणे येऊन जाईपर्यंत मुकाट बसून राहायचं, एवढाच तिचा बेत होता. साहेबांची जिरवायची, बस्स. ती स्टुलावर बसली आणि वर पाहिलं. वरच्या फळीवर मावशींच्या हातच्या चादरी तशाच होत्या. घडीची दुमड दाराकडे, कोपऱ्याला कोपरा. अशी घडी आता वॉर्डात कोणालाच जमत नव्हती. तिने एक चादर ओढून मांडीवर घेतली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. ती हंबरडा फोडून रडली.

बाहेर साहेबांनी दार ठोठावलं. "पुरे झालं नाटक! पाहुणे जिन्यात आलेत!"

आणि चिमणीचा आवाज आला. पलीकडच्या पलंगापर्यंतही कधी न पोचणारा तो आवाज सगळ्या जिन्याला ऐकू गेला.

"आत माणूस आहे, साहेब. थांबावं लागेल."

"बाजूला हो!"

"नाही होणार. पाहुण्यांनाही थांबायला सांगा."

मग आणखी पावलं वाजली. किट अर्धवट चढवलेल्या, घाम पुसणाऱ्या, पाळी संपवून घरी निघालेल्या पोरी एकेक करून दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. दार आतल्या बाजूला किंचित दबलं.

फौजदारने नाक पुसलं. उठावं का, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिने मावशींची चादर तोंडाशी धरली आणि नव्याने रडायला लागली. घाई कसली? दाराशी माणसं उभी होती.