बदलीचा मेल

“हा मेल आपल्या एकशे चाळीस जणांना गेला. लिंक उघडली फक्त एकानं,” संगणक विभागाचे साहेब पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. “नाव घेत नाही. कुणाला लाजवायचं नाहीये.”

नाव घ्यायची गरजच नव्हती. सभागृहातल्या सगळ्या माना एक्स-रेवाल्या बाईंकडे वळल्या होत्या. पडद्यावर मजकूर होता: आपली बदलीची विनंती मान्य झाली आहे, आदेशासाठी इथे क्लिक करा.

बाई हॉस्पिटलच्या या शाखेत सहा वर्षं होत्या. नवरा आणि लेक सासूबाईंकडे, नऊ तासांच्या अंतरावर. लेक तीन वर्षांची असताना त्यांनी पहिला अर्ज केला. आता ती नऊ वर्षांची होती आणि अर्ज सहा झाले होते. उत्तर एकाचंही नाही. आणि गंमत अशी, की अख्ख्या इमारतीत पासवर्डच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून वागणारं कुणी असेल, तर त्या याच बाई. चहाला उठतानाही संगणक लॉक करायच्या. स्क्रीनवर पासवर्डची चिठ्ठी डकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. लेकीला तर फोनवरून पढवून ठेवलं होतं, ओळखीच्या नावानं मेसेज आला तरी आधी खात्री करायची.

आज सकाळी मात्र खात्रीबित्री कसली! मेल वाचला, तशा बाई आधी जिन्यात जाऊन घरी फोन करून आल्या. मग लिंक उघडली. लाल पान आलं: ही चाचणी होती.

सभा संपल्यावर त्यांनी साहेबांना गाठलं.

“बदलीचंच का निवडलंत?”

“मनाला लावून घेऊ नका हो बाई. लोक कशाला भुलतील, ते आस्थापना विभागाला विचारलं. ते म्हणाले, बदली टाका. तसले अर्ज पडलेत आमच्याकडे.”

म्हणजे अर्ज कुणी वाचलेच नव्हते, असं नाही. वाचले होते. बाईंना इतका संताप आला, की त्या तशाच पाठ फिरवून निघाल्या.

त्यांनी पुन्हा जिन्यात जाऊन फोन लावला. लेकीनंच उचलला.

“आई, मी माझं अर्धं कपाट तुला रिकामं करून ठेवलंय. कधी येतेस?”

“ऐक ना. तो मेल खोटा होता. ऑफिसवाल्यांनी आमची परीक्षा घेतली.”



“तू आधी खात्री नाही केलीस?”

“नाही केली गं.”

“मग माझे कपडे परत ठेवू?”

“ठेव,” बाई म्हणाल्या.

लिंक उघडणाऱ्यानं त्याच दिवशी पाच प्रश्न सोडवून द्यायचे, असा नियम होता. बाहेर पेशंट खोळंबले होते, म्हणून बाईंनी चार प्रश्न भराभर उरकले. पाचवा होता: मेल बनावट असल्याची कोणती खूण तुमच्या लक्षात यायला हवी होती? पत्ता तर ऑफिसचाच दिसत होता. भाषाही अगदी ऑफिसची, कोरडी. शेवटचा पर्याय होता: मेलमध्ये नेमकं आपल्याला हवं तेच लिहिलं होतं.

बाई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोच पर्याय निवडला.

हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: बरोबर. अभिनंदन, आता तुम्ही सुरक्षित आहात.