टोप्या बरोबर भरल्या

धनश्रीला समुद्र बघायचा होता. भांडगावात जन्मलेल्या मुलीला ही हौस कुठून लागली, ते तिच्या घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. विहीर, पाटाचं पाणी आणि पावसाळ्यात फुगलेली भीमा एवढं बघून बाकीचं गाव सुखात होतं. हिला मात्र जहाजं हवी होती.

पुण्याच्या एका टूर कंपनीत ती नोकरीला लागली त्याला वर्ष होत आलं होतं. परिषदांना आलेल्या पाहुण्यांना सहलीला न्यायचं, माहिती सांगायची आणि वेळेवर परत आणायचं, असं ते काम. त्या हिवाळ्यात पुण्यात मेंढ्यांच्या डॉक्टरांची परिषद भरली होती. पुढच्या वर्षीची परिषद कोचीला होती आणि तिथल्या सहलींचं कामही कंपनीलाच मिळालं होतं. जुनं बंदर, मसाल्यांची गोदामं, पाण्यावर झुकलेली मासेमारीची चिनी जाळी आणि शेवटी बोटीतून फेरी. कोचीला गाइड म्हणून कोण जाणार यावरून ऑफिसात महिनाभर कुजबूज चालली होती.

"उद्याची ट्रिप एकटीनं नीट करून दाखव, कोची तुझी," मोनिका मॅडम म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेव. गाडी हलायच्या आधी माणसं मोजायची. प्रत्येक वेळी."

ट्रिप होती धनश्रीच्याच गावाला. आधी भांडगावात मेंढ्यांचा कळप बघायचा आणि मग पाटसचा साखर कारखाना. कळप तिच्या आबांचाच होता. म्हणजे ज्या बापानं हिला बोट धरून चालायला शिकवलं, त्याचीच आता इंग्रजीतून ओळख करून द्यायची. त्यापेक्षा अनोळखी राजवाडा दाखवणं सोपं, असं तिला वाटत होतं.

बस गावात शिरली तेव्हा तिचा बाप कोंडिबा धुतलेलं पागोटं बांधून पडीक रानात उभा होता. निम्मं गाव त्याच्या मागं गोळा झालं होतं. डॉक्टर मंडळी उतरली आणि मेंढ्यांच्या तोंडात बोटं घालून दात बघू लागली. कोंडिबाला हे पाहुणे एकदम पसंत पडले.

"किती आहेत म्हणून विचारतायत, आबा," धनश्री म्हणाली.

"हायेत की देवाच्या दयेनं."

"आकडा सांगा ना."

"मेंढरं मोजत न्हाईत, धने. इसरली व्हय? नजर लागती." मग आवाज उतरवून म्हणाला, "सांजच्याला वाड्यात घेताना एकेकीचं तोंड बघायचं. जी न्हाई ती आपसूक कळती."

धनश्रीनं हे इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. आपल्या बापाचं बोलणं कुणी वहीत उतरवतंय, हे बघून तिची छाती फुगली.

निघायची वेळ झाली तशी ती बसच्या दारात उभी राहिली. परिषदेनं पाहुण्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या होत्या. उन्हातान्हात चुकलंमाकलं माणूस दुरून दिसावं, हा हेतू. उंच सीटांच्या वर पिवळे ठिपके तेवढे दिसत होते. तिनं पुढून मागे मोजले. आकडा बरोबर भरला. तरी पाय पायरीवरून हलेना. काहीतरी खटकत होतं. भाकरी पोटभर खाल्ली तरी कालवण राहिलंय असं वाटावं, तसं. तिनं पुन्हा मोजले. पुन्हा बरोबर.

"चला, शंभूदादा," तिनं ड्रायव्हरला सांगितलं आणि स्वतःलाच दटावलं. मोजून झाल्यावर कसला आलाय संशय? आपण आता मेंढरामागं फिरणारी पोर राहिलो नाही, पगारी गाइड आहोत.

चौफुला गाव मागं पडलं. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, बस गोगलगायीच्या चालीनं सरकत होती. धनश्री माइकवर कारखान्याची माहिती सांगत होती, पण तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. वरवंडच्या पुढं तिनं माइक ठेवला आणि सीटांमधून मागे चालत गेली. मोजायला नाही. तोंडं बघायला.

शेवटून दुसऱ्या रांगेत खिडकीशी, पदरावर पिवळी टोपी चढवून, मांडीवर परिषदेचा खाऊचा डबा घेऊन तिची भागूआत्या बसली होती.

"आत्या! तू हितं काय करतीस?"

"पाटसला चाललीया. लेकीकडं," आत्या केक चावत म्हणाली. "तुझी गाडी तिकडंच निघाली व्हती. म्हनलं एसटीची वाट कशाला बघा."

"आन् ही टोपी?"

"त्या बाईनं दिली. लई गुनाची हाय. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागंल म्हनून सोताची काढून माझ्या डोस्क्यावर ठिवली."

"कोणती बाई?"

"चष्मेवाली. आबाच्या लंगड्या मेंढीचा पाय बघत बसलीया न्हवं का, चिंचेखाली."

धनश्रीचं धाबं दणाणलं. चष्मेवाल्या म्हणजे डॉक्टर नायर. वयानं सगळ्यांत मोठ्या, मानानंही. आणि त्या भांडगावात राहिल्या होत्या, एकट्या, मराठीचा एक शब्द येत नसताना.

तेवढ्यात पर्समधला कंपनीचा मोबाइल वाजला. मोनिका मॅडम होत्या. "काय गं, सगळं ठीक?"

आता "हो" म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? बस वळवायची, बाईंना उचलायचं, उशीर ट्रॅक्टरवर ढकलायचा. रस्ताभर साक्षीला ट्रॅक्टरच ट्रॅक्टर होते. कोची अजून हातात होतं. धनश्रीनं डोळे मिटले.

"नाही मॅडम. एक पाहुण्या बाई मागं राहिल्या. मी मोजलं होतं, पण टोप्या मोजल्या. माझी आत्या मोजली गेली. परत चाललेय."

मॅडम म्हणाल्या, "आधी त्यांना आण. कोचीचं विसर."

शंभूदादानं त्या गर्दीत बस कशी वळवली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. झाल्या प्रकाराची पाहुण्यांना भलतीच गंमत वाटली आणि आत्याला आणखी दोन डबे मिळाले. धनश्रीच्या डोळ्यांतून मात्र पाणी थांबेना. समुद्र असा वरवंडला बुडाला होता.

चिंचेखाली डॉक्टर नायर मातीत फतकल मारून बसल्या होत्या. मेंढीचा पाय त्यांच्या मांडीवर होता, कोंडिबा मान धरून होता. त्या मल्याळममध्ये काही विचारत होत्या आणि हा मराठीत उत्तर देत होता. दोघांचं छान चाललं होतं.

"बसू दे की त्यास्नी अजून," धनश्रीला बघून कोंडिबा म्हणाला. "एवढ्यात कशापायी आलीस?"

बाईंनी वर बघितलं. बस गेली होती आणि परत आली होती, याचा त्यांना पत्ताच नव्हता. धनश्रीनं सगळं खरं सांगितलं, टोपीपासून आत्यापर्यंत, आणि माफी मागितली. बाई इतक्या हसल्या की मेंढी सुटून पळाली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मोनिका मॅडमना गाठलं. पुढची परिषद भरवणार होत्या त्या नायर बाईच. "आकडा बरोबर असूनही ही पोर उठून तोंडं बघायला गेली," त्या म्हणाल्या. "मला कोचीला हीच पाहिजे." मॅडमनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग होकार दिला.

पुढच्या वर्षी, जायच्या आधी, धनश्री भांडगावला आली. "आबा, तुम्ही पण चला. समुद्र बघू."

"मेंढरं कुनाच्या गळ्यात घालू?" कोंडिबानं विषयच संपवला. निघताना मात्र त्यानं आपली घोंगडी तिच्या पिशवीत कोंबली. "समिंदराचा वारा बाधतो म्हनं."

कोचीला अंगाची लाही होत होती. तरी धक्क्यावर धनश्री ती घोंगडी काखेत मारून उभी होती आणि बघणारे हसत होते. समोर पाणी आकाशाला टेकलं होतं. एक भलंमोठं जहाज संथपणे बंदरात शिरत होतं. तिला जसं वाटलं होतं तसंच होतं सगळं, त्याहून जरा जास्तच.

पाहुणे बोटीत बसले. तिनं नेमानं मोजलं, आकडा भरला. मग एकेकाचं तोंड बघितलं. सगळे होते. तरी पाय धक्क्यावरून हलेना. तेच खटकणं, भांडगावातलं. तिनं पुन्हा पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत बघितलं.

"कोण राहिलं?" नायर बाईंनी बोटीतून विचारलं.

धनश्रीनं जहाजाकडे बघितलं, आणि मग तिला कळलं.

"आबा राहिले," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

"थांबायचं का?" बोटवाल्यानं खुणेनं विचारलं.

"नको, चला. मेंढरं सोडून नाही यायचे ते," असं म्हणून तिनं त्या उकाड्यात घोंगडी अंगाभोवती घट्ट लपेटली आणि बोटीत पाय टाकला.