सगळ्यांसमोर

"डाव्या हातानं खातात का गं?" रामने ताटावरून मान वर केली ती ओरडतच.

ज्ञानेश्वरीचा घास तोंडाशी थांबला. तिने तो परत ताटात ठेवला आणि उजवा हात ओढणीखाली आणखी आत सरकवला. भाकरी तिने डाव्या हाताने कशीबशी मोडली होती. पिठल्याचा एक ओघळ मनगटापर्यंत आला होता.

"सातवीत गेली अन् जेवायचं विसरली," करुणा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "वेणीपण आताशा मलाच घालायला लावती. नुसते लाड चाललेत."

"हात काढ."

ती हलली नाही.

राम शेंद्र्याच्या कंपनीत पहिली पाळी करून आलेला होता. दिवसभर मशीनपाशी उभं राहून पाय भरून आले की त्याला राग यायला फारसं काही लागायचं नाही. त्याने ताटावरून वाकून तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ज्ञानेश्वरी अशी कळवळली, की करुणाने पटकन गॅस बंद केला.

बोटांच्या पेरांवर सूज चढली होती आणि सुजेवरून काळ्यानिळ्या रेघा आडव्या गेल्या होत्या. काही रेघा ताज्या होत्या, काही जुन्या होऊन पिवळ्या पडल्या होत्या. मधलं बोट मिटतच नव्हतं.

"कुठं पडलीस?"

"नाय पडले."

"मग?"

"सरांनी मारलं," ती ताटाला सांगितल्यासारखं म्हणाली. "स्टीलची पट्टी. उभी धरून."

सर म्हणजे बद्रीनाथ सर. उस्मानपुऱ्यात, ह्यांच्याच गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा गणिताचा क्लास चालायचा. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर गणितात नापास होत नाही, असं आख्खी गल्ली सांगायची, आणि गल्लीने सांगितलं म्हणूनच रामने ज्ञानेश्वरीला तिथे घातलं होतं.

त्याच्या डोक्यात तिडीक उठली. तो हात धुवायलासुद्धा थांबला नाही.

"चल."

"नको ना पप्पा."

"चल म्हणलं ना!"

गल्लीतून जाताना तो मोठमोठ्याने बोलत होता. लोक ओट्यांवरून बघत होते आणि ते बघताहेत हे त्याला बरंच वाटत होतं. पोरीच्या अंगाला हात लावतो म्हणजे काय? त्या मास्तरला काय वाटलं, हिच्यामागं कोणी उभं राहणारं नाय? आज त्याला दाखवतोच. ज्ञानेश्वरी त्याच्या मागे अर्धं पाऊल ठेवून चालली होती आणि दर चार घरांनंतर एकदा म्हणत होती, "पप्पा, राहू द्या." ती सरांना भ्याली आहे असं रामला वाटलं आणि त्याचा राग दुप्पट झाला.

गिरणी चालू होती. जिन्याच्या पायऱ्यांवर पिठाचा पांढरा थर होता. वर दहावीची बॅच बसली होती, पोरं खाली माना घालून लिहीत होती आणि बद्रीनाथ सर फळ्यापाशी उभे होते. बारीक अंगाचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. दारात रामला बघून त्यांनी खडू ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली.

"या रामभाऊ. जेवण झालं?"

ह्या प्रश्नाने तर रामचं टाळकंच सटकलं. त्याने ज्ञानेश्वरीचा हात ट्यूबलाइटखाली धरला.

"हे काय हे? हां? हे काय हे, सर?"

सरांनी चष्मा वर करून बोटांकडे बघितलं. एखादं गणित तपासावं तसं बघितलं.

"ऋण संख्या," ते म्हणाले. "वजाबाकीत चिन्ह बदलायचं असतं, तेच ती विसरते. किती वेळा सांगितलं."

"विसरती म्हणून बोटं मोडायची?"

"मोडलेली नाहीत. सूज आहे, उतरेल."

रामची मूठ वळली. पुढच्या बाकावरचं पोरगं दचकून उभं राहिलं. सर मात्र मागे सरकले नाहीत, त्यांचा आवाजही चढला नाही. चूक करून सापडलेला माणूस असा उभा राहत नाही, हे रामला त्या रागातही कुठेतरी टोचलं.

"रामभाऊ, एक गोष्ट समजून घ्या. मी माझ्या मनाने कुठल्याच मुलाला हात लावत नाही. आजचे दिवस कसे आहेत ते मला कळतं. ज्यांच्या घरच्यांनी स्वतः येऊन सांगितलंय, त्यांनाच मारतो. तुम्ही सांगितलं होतं."

"मी?"

"जूनमध्ये. आत्ता उभे आहात तिथेच उभे होतात."

आणि रामला आठवलं.

धुतलेला शर्ट घालून तो आला होता. हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा होता. सातवीची बॅच भरलेली, सगळ्या पोरी टकामका बघत होत्या. त्याने सरांच्या पायाला हात लावला, ज्ञानेश्वरीला लावायला सांगितलं आणि खड्या आवाजात म्हणाला होता, "सर, ही पोरगी आजपासून तुमची. चुकली की फोडून काढा. मेंढरं वळायची म्हणल्यावर काठी लागतीच. आम्ही येऊन एका शब्दानं विचारणार नाय." पोरी खुसखुसल्या होत्या. सर हसले होते. सगळ्यांत मोठ्याने तो स्वतः हसला होता. ज्ञानेश्वरी हसली होती की नाही, ते त्याने बघितलं नव्हतं.

ह्यात वेगळं काय होतं? त्याच्या बापाने, मल्हाररावांनी, खांद्यावर घोंगडी टाकून पिशोरच्या शाळेत मास्तरांना असंच सांगितलं होतं. पोराला शाळेत घालताना बाप हेच बोलतो. पाहुण्याला वाढताना लाजू नका म्हणतात तसंच हे, गुरुजींचा मान राखायला बोलायचं. रामला मास्तरांनी निरगुडीच्या फोकाने सोलून काढलं होतं आणि पोटऱ्यांवरचे वळ घेऊन तो मेंढरांमागे गेला होता. बापाने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मात्र तो ते अजून छाती काढून सांगायचा. मार खाल्ला म्हणून आयटीआय झालो, म्हणायचा.

"तसं सगळेच म्हणतात की, सर," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच पोकळ वाटला. "बोलायची रीत असती ती."

"कोणती रीत आणि कोणती परवानगी, हे मी कसं ओळखायचं? आणि मार्क तुम्हालाही हवे होते."

"अरफाचीपण गणितं चुकतात," ज्ञानेश्वरी म्हणाली.

वर आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "माझ्यापेक्षा जास्त चुकतात. तिला नाय मारत."

अरफा समोरच्या घरातली. तिची आई अजरा त्याच दिवशी आली होती, रामच्या पुढेच उभी होती. ना नारळ, ना पेढे. बुरख्याची बाही सावरत ती सरांना एवढंच म्हणाली होती, "मेरी बच्ची हिसाब से डरती, सर. दो बखत समझाना, तीन बखत समझाना. मारना नक्को." रामला तेव्हा मनातल्या मनात हसू आलं होतं. असं भिऊन कुठं पोरं शिकतात का, असं त्याला वाटलं होतं.

त्याने ज्ञानेश्वरीचा हात सोडला आणि तिला घेऊन जिना उतरला. खाली गिरणीपाशी येईपर्यंत त्याचा राग पुन्हा गोळा झाला. मघापर्यंत त्या रागाला जायला एक ठिकाण होतं, आता नव्हतं, म्हणून तो होता तिथेच फुटला.

"कवापासून मारतोय तो?"

"दिवाळी झाल्यापासून."

"अन् तू गप? तोंड नाय तुला? मला सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू?"

ती ओरडली. गिरणीच्या घरघरीवरून ओरडली. शेजारच्या दुकानापुढची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एवढा मोठा आवाज ह्या पोरीत आहे हे रामला माहीत नव्हतं. हल्ली ती फार बोलत नाही, शहाणी झाली, असंच तो सगळ्यांना सांगत आला होता.

"काय सांगू तुम्हाला? एका शब्दानं विचारणार नाय, असं तुम्हीच म्हणला ना? मला वाटलं, तुम्हाला माहितेय. तुम्ही देऊन टाकलं मला. सगळ्या पोरी हसल्या. अजून हसतात. सरांनी पट्टी उचलली की मागून मेंढरासारखं ओरडतात."

ती रडली नाही. रडली असती तर रामला सोपं गेलं असतं.

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माझ्या पोटऱ्यांवर पण होते, असं काहीतरी. पण ते तिच्या काय कामाचं होतं? त्याच्या बोटांवर पिठलं वाळून खरखरीत झालं होतं, ते तो अंगठ्याने खरवडत राहिला. आपल्या बापाचा त्याला आज राग आला. असा येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याहून जास्त राग ज्या माणसाचा आला, तो गिरणीपाशी पिठल्याच्या बोटांनिशी उभा होता.

"थांब इथं," तो म्हणाला आणि परत जिना चढला.

ह्या वेळी सर फळ्यावर लिहीत होते. राम दारातून आत गेला आणि पोरांकडे तोंड करून उभा राहिला. चारचौघांत बोलायची त्याला एरवी भीड नव्हती, आज वाटली.

"जूनमध्ये मी सरांना बोललो व्हतो, पोरीला मारा म्हणून. ते माझं चुकलं. ते मी परत घेतो. तिला कोणी हात लावायचा नाय. ना शाळेत, ना क्लासात," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "ना घरात."

एकही पोर हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा पेन तोंडात धरून त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"ठीक आहे," सर म्हणाले. "म्हणजे क्लास बंद करताय?"

"ते तिला विचारून सांगतो."

तो खाली आला तेव्हा ज्ञानेश्वरी पायरीच्या कडेला, दुखरा हात पोटाशी धरून उभी होती.

"काय म्हणलात?"

"मारायचं नाय म्हणलं. आधी बोललो ते चुकलं म्हणलं."

"सरांना?"

"सगळ्यांसमोर."

 तिने मान हलवली, नाही म्हणायला हलवतात तशी.

"ती दहावीची पोरं आहेत. ती कुठं हसली व्हती? आमची बॅच पाचला असते."

 उद्यापासून रामची दुसरी पाळी होती. पाचला तो शेंद्र्यात मशीनपाशी उभा असणार होता. हे तिलाही माहीत होतं. ती त्याच्याकडून काही मागत नव्हती, फक्त चूक दाखवत होती, आणि दाखवून झाल्यावर घराकडे चालायला लागली होती.

त्याने डाव्या हाताने खिशातून फोन काढला. सुपरवायझर नानासाहेबांनी तो बऱ्याच वेळाने उचलला.

"साहेब, उद्या सुट्टी पाहिजे. नाय, आजारी कोणी नाय. पोरीच्या क्लासला जायचंय. व्हय, त्याच्यासाठीच. नाय, बायकोनं जाऊन व्हणार नाय ते. बोललो व्हतो मी."

पलीकडून नानासाहेबांचा आवाज गल्लीत ऐकू जाईल एवढा चढला. ऐन वेळी बदली माणूस कुठून आणू, इथपासून सुरुवात झाली. रामने फोन कानापासून जरा लांब धरला, पण बंद केला नाही.

"गैरहजेरी लावायची तर लावा, साहेब," तो शेवटी म्हणाला. "मी येत नाय."

ज्ञानेश्वरी पुढे चालली होती. ती थांबली नव्हती, पण पावलं हळू पडत होती. त्यांच्या घराच्या दिव्याखाली करुणा दारात उभी असलेली दिसत होती. तिथे पोचायच्या जरा आधी ज्ञानेश्वरी वळली. चेहऱ्यावरचा राग अजून तसाच होता.

"अन् पप्पा," ती म्हणाली, "उद्या नारळ नका आणू."