मनोऱ्यावरून दिसणारा समुद्र

सासुरवाडीत त्यांना लेखकराव म्हणत, आणि म्हणताना हळूच एकमेकांना कोपरखळ्या मारत. पण पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या तेव्हा कोपरखळ्या थांबल्या आणि लेखकरावांची मान जी ताठ झाली ती झालीच. पुस्तक एकच, तेही प्रवासवर्णन, याच शहराचं. आणि आज सकाळी स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा हे शहर ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते!

झालं होतं असं. पुस्तक लिहायचं म्हणून रजा काढून निघाले खरे, पण अर्ध्या वाटेत पोट बिघडलं आणि सगळी रजा एका कळकट लॉजवर गेली. रिकाम्या हातानं घरी जायचं तरी कोणत्या तोंडानं? शेजारच्या वाचनालयात माहितीची पुस्तकं होती, त्यांतून निम्मं उतरवलं, उरलेलं पदरचं घातलं. पुलावरची दगडी मांजर पदरची. मनोऱ्यावरून दिसणारा समुद्र पदरचा. आणि पुस्तकांच्या गल्लीतला तो पांढऱ्या दाढीचा दुकानदार, ज्यानं त्यांना जवळ बसवून चहा पाजला आणि पुस्तकाचे पैसे घेतले नाहीत, तो तर नखशिखांत पदरचा. ते प्रकरण वाचून लोक रडले होते. बायकोही रडली होती.

तेव्हापासून तिचा एकच धोशा, मलाही घेऊन चला. "पाहिलेलं काय परत पाहायचं?" असं म्हणत त्यांनी इतकी वर्षं टोलवलं. पण गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतपणाहून परत आली ती हट्टाला पेटूनच, आणि आता पुढच्या महिन्याची तिकिटं तिनं परस्पर काढली होती. लेखकरावांनी विचार केला. जग गेलं खड्ड्यात, पण या बाईच्या मनातून उतरलो तर उरलं काय? म्हणून "परगावी व्याख्यान आहे" अशी थाप मारून ते आधी एकटेच टेहळणीला आले होते. जे जे नसेल त्याबद्दल "पाडलं वाटतं मेल्यांनी!" म्हणायचं, असं ठरवून.

पुलावर पोचले आणि जागीच थिजले. मांजर होती! पुढे ही रांग, आणि जो तो तिचा कान चोळत होता, कारण कान चोळला की हरवलेली वस्तू सापडते असं लेखकरावांनी लिहिलं होतं. चोळून चोळून कान पार गुळगुळीत झाला होता.

"तीनशे वर्षांची आहे," गाइड ओरडून सांगत होता.

लेखकरावांनी वाकून पाहिलं. मांजरीच्या पोटाखाली सिमेंटचा ओघळ तसाच राहिला होता. "अहो, ही पूर्वी नव्हती ना?"

"काका, आधी पुस्तक वाचा, मग बोला," गाइड म्हणाला आणि रांगेतले सगळे फिदीफिदी हसले.

मनोऱ्यावर चढताना लेखकरावांच्या छातीचा भाता झाला. वर कठड्याशी ही गर्दी. "तो बघ, निळा पट्टा दिसतोय ना, तोच समुद्र," एक गृहस्थ बायकोला दाखवत होते. निळा पट्टा म्हणजे गोदामांचे पत्रे होते. पण छापील पुस्तक हातात धरून सगळे डोळे बारीक करत होते आणि एकामागून एक माना डोलावत होते. "हो हो, दिसला!" लेखकरावांनीही डोळे बारीक केले, आणि खोटं कशाला बोला, घटकाभर त्यांनाही लाटा दिसल्या.

खाली उतरले ते हवेत तरंगतच. बायकोला बिनधास्त आणायचं! पुस्तकांच्या गल्लीत त्यांनी मजेत चाळाचाळ केली, कायद्याच्या जाडजूड पुस्तकांवरची धूळ फुंकली, चांदण्यांच्या नकाशांचं एक पुस्तक नाकाला लावून वास घेतला. गल्लीतल्या पाच दुकानांवर पाटी होती, 'लेखक इथेच बसले होते.' शेवटच्या दुकानातला दुकानदार जेमतेम चाळिशीचा, पण दाढी पांढरीशुभ्र रंगवलेली.

"बसा, चहा घ्या," तो म्हणाला. "लेखक याच स्टुलावर बसले होते. फार भरून आलं होतं त्यांना."

लेखकरावांना राहवलं नाही. "अहो, मीच तो लेखक!"

"महिन्याला दोघं-तिघं येतात असे. साखर किती?"

"पण मी इथं कधी आलोच नव्हतो!"

दुकानदारानं कीव आल्यासारखं पाहिलं. "हेही ऐकलंय. गेल्या वर्षी एक ताई आल्या, एकट्याच. पाचही दुकानं फिरून इथं टेकल्या. म्हणाल्या, लेखक या गावात आलेच नव्हते. आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की चहा सांडला. आम्ही खूप समजावलं, ताई, पुस्तकात छापलंय."

लेखकरावांनी कप खाली ठेवला. भाचीचं बाळंतपण गेल्या वर्षीचं. आणि बाळाच्या बारशाला भाचीच म्हणाली होती, "मावशी, तू बाळंतपणाला असतीस तर!" तेव्हा ते मान खाली घालून जेवत बसले होते, लक्षच दिलं नव्हतं.

ते बाहेर येऊन एका पायरीवर बसले. तेवढ्यात फोन वाजला. बायको.

"झालं का व्याख्यान?"

थाप जिभेवर तयार होती. ती त्यांनी गिळून टाकली.

"अगं," ते म्हणाले, "मनोऱ्यावरून समुद्र दिसत नाही."

"माहितीये," ती म्हणाली. " गुडघे धरून चढले होते मी."

लेखकरावांचे डोळे भरून आले. "मग परत तिकिटं कशाला काढलीस?"

"तुम्ही कुठे पाहिलं होतंत शहर?" ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला एकदा दाखवून आणावं."