एडवर्डची हरकत

"हरकत आलेलीच नाही, अंकल," जयवंत म्हणाला. "विहिरीबद्दल एक पण नाही."

एडवर्डने वॉर्ड ऑफिसच्या काउंटरवर हात टेकले. हरकत त्याने स्वतः भरली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत. त्याचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत होता आणि हा बोलून एकेक रकाना भरत होता. शेवटी 'पाठवा' असं बटण आलं, ते त्याने दाबलं आणि फोन गप्प झाला. काम झालं, असंच कोणीही समजलं असतं.

जयवंत तिथला कारकून, मनाने वाईट नव्हता. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं, काहीबाही भरलं आणि बटण दाबून पाहिलं.

"हे बघा, लिहून येतंय ना. चित्रातले आकडे भरा म्हणून. चांगलं लाल अक्षरात येतंय."

"लाल," एडवर्ड म्हणाला.

जयवंतने त्याच्या काठीकडे पाहिलं. पानाच्या तळाशी वाकड्यातिकड्या आकड्यांचं चित्र होतं, ते फोनला वाचता येत नव्हतं. ते भरायचं राहिलंय हे सांगणारी सूचनासुद्धा चित्रच होती. म्हणजे जन्मापासून डोळ्यांसमोर अंधार असलेल्या माणसाला या कचेरीने लाल रंगात समज दिली होती, आणि त्याने ती वाचली नाही हा त्याचा दोष.

उंबरपाखाडी गावठाणाची विहीर डासांमुळे कायमची बुजवणार, असा कागद विहिरीच्या कठड्यावर लागला होता. एक जरी हरकत आली तरी सुनावणी घ्यावी लागेल आणि हरकती फक्त संकेतस्थळावर घेतल्या जातील, असं त्यात लिहिलं होतं. गावठाणातल्या लोकांनी तो वाचला आणि सवयीने एडवर्डकडे पाहिलं. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात तो आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होता. सरकारी फोन, अर्ज, पाठपुरावा हे पाखाडीत पहिल्यापासून त्याचंच खातं. भरतो मी, असं तो म्हणाला आणि सगळे निर्धास्त झाले. मुलगी एलेन म्हणाली होती, आण डॅडी, मी करते. तिलाही त्याने नको म्हटलं. तिच्याच लग्नाच्या पाण्यासाठी विहीर वाचवायची होती, आणि एवढं काम बापाला जमत नाही असं तिला वाटायला नको होतं.

तो आता कागदावर लिहून द्यायला तयार होता. मुदत संपली होती, आणि कागद घेणं कधीच बंद झालं होतं. मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, घरातल्या कोणाला सांगायचं ना, दोन मिनिटांचं काम होतं. हे बोलणं एडवर्डला मुदतीपेक्षा जास्त लागलं. अर्ध्या मुंबईचे फोन त्याने जोडून दिले होते, आणि तेव्हा त्याला कोणी घरातल्या माणसाला घेऊन ये म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात वसुधा मॅडम आतून आल्या. त्या तिथल्या अधिकारी. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आवाजात मध घालून विचारलं, मंगळवारी याल का? नवं संकेतस्थळ सुरू होणार होतं, सर्वांसाठी सुलभ. त्याचं बटण एडवर्डसारख्या कोणाच्या तरी हस्ते दाबायचं होतं.

"माझ्या विहिरीचं काय?" एडवर्डने विचारलं.

"मोठे साहेब येणारेत. तुम्ही त्यांच्या कानावर घाला. मी वेळ देते तुम्हाला."

म्हणून तो गेला. इस्त्रीचा शर्ट घालून, बोलायचं ते मनात घोळवून. त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि कोणीतरी त्याचं बोट धरून एका बटणावर नेऊन ठेवलं. टाळ्या झाल्या. मग साहेब समतेबद्दल बोलले, पुष्कळ बोलले. माइक पुढच्या वक्त्याकडे सरकवला जात होता, तेवढ्यात एडवर्डने हात पुढे करून तो धरला.

"साहेब, मी विहिरीसाठी हरकत भरली होती. तुमच्या साइटने ती घेतली नाय आणि मला सांगितलं पण नाय. आता सगळ्यांसमोर परत भरतो. पण हा कॉम्प्युटर माझ्याशी बोलतच नाय. कसा भरू, तेवढं दाखवा."

त्या कॉम्प्युटरवर वाचून दाखवायची सोयच कोणी केली नव्हती. नव्या संकेतस्थळात नवं काय, तर अक्षरं मोठी करायचं एक बटण. मग मागच्या रांगेतल्या कोणाला तरी वाटलं की भाषण संपलं. त्याने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी त्याच्यामागून वाजवल्या. साहेबांनी एडवर्डचा खांदा थोपटला. "नोंद घेऊ," असं म्हणून ते जेवायला गेले.

पुढच्या आठवड्यात विहीर बुजवून वर स्लॅब टाकला गेला.

उंबरपाखाडीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात, आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. एडवर्डची आई त्या पाण्याने न्हाली होती, बायकोही. एलेनच्या वेळीही बँड वाजत विहिरीपर्यंत गेला. एडवर्डची बहीण आयरीन डोक्यावर घागर घेऊन पुढे होती. सिमेंटपाशी पोचल्यावर ती थांबली, तशी गाणी थांबली आणि मग बँडही थांबला. काय करावं कोणालाच कळेना. शेवटी कोणीतरी मांडवातला प्यायच्या पाण्याचा जार आणला आणि तो घागरीत ओतला.

लहानपणी एडवर्ड या विहिरीत आपलं नाव घेऊन ओरडायचा, आणि पाणी ते नाव परत द्यायचं. आता त्याने स्लॅबवर काठी आपटली. खालून काहीच आलं नाही.

"एडवर्ड भरलंय बोलला होता ना?" मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

त्याने ते ऐकलं. त्याला लोकांचा राग आला नाही. त्यांच्याकडून पाहिलं तर त्याने काम घेतलं होतं आणि केलं नव्हतं. उभ्या नोकरीत एडवर्डने फोन जोडला नाही असं कोणाला म्हणता आलं नव्हतं, आणि एका लाल रंगाच्या ओळीने त्याच्या गावात त्याला खोटं पाडलं होतं. त्याचा राग कचेरीवर होता. पण मुलीचं पाणी होतं, म्हणून त्याने आयरीनला गाणं धरायला सांगितलं.

लग्नानंतर एलेन वाकोल्याहून माहेरी आली तेव्हा तो टेबलाशी फोन घेऊन बसला होता. तक्रार करायला त्याने ते नवं संकेतस्थळ उघडलं होतं. बोट फिरवलं की फोन एकच शब्द म्हणत होता, प्रतिमा. पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा प्रतिमा.

"काय आहे गं हे?" त्याने विचारलं.

एलेनने वाकून पाहिलं.

"तूच आहेस, डॅडी. शाल, नारळ. पहिल्याच पानावर, एवढा मोठा."

"खाली काय लिहिलंय?"

"दिव्यांग नागरिक संकेतस्थळाचा लाभ घेताना."

"आणि नाव?"

"नाव नाय लिहिलं."

एडवर्डने शांतपणे वॉर्ड ऑफिसचा नंबर लावला. तो त्याला नोकरीपासून पाठ होता. घंटा वाजत राहिली. मग टेपवरची एक बाई गोड आवाजात म्हणाली, तक्रारीसाठी कृपया आमच्या संकेतस्थळाला भेट द्या.

"ठेव, डॅडी," एलेन म्हणाली. "कोणी नाय तिथे."

त्याने फोन ठेवला नाही. तो खुर्चीत ताठ बसला आणि ड्युटीवर बोलायचा त्या स्वच्छ आवाजात म्हणाला, "तुमच्या पहिल्या पानावर फोटो आहे तो माणूस बोलतोय. नाव लिहून घ्या. एडवर्ड कोरिया, उंबरपाखाडी."

बाईचं बोलणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तेव्हा त्याने आपलं नाव परत सांगितलं, आडनावासकट, सावकाश, पलीकडे कोणी लिहून घेत असल्यासारखं.