गुळगुळीत मनगट

...आणि हाड तर काजूएवढंच. मनगटातल्या आठ हाडांपैकी एक, अंगठ्याच्या मुळाशी दडलेलं. पण पडद्यावर ते इतकं गोंडस उतरलं होतं की शिवलीलाला त्याचा रागच आला. लग्नाच्या अल्बममधल्या नवरीसारखं — ना तीळ, ना वण, ना मुरूम. हाडं अशी नसतात. इतकी वर्षं ती एक्स-रे वाचत आली होती. हाडाला बारीक, विस्कटलेली जाळी असते, आणि तिच्यावर वाळू सांडावी तसे दाणे... दाणे यंत्राचे, जाळी माणसाची, आणि कुठलं काय हे ओळखायचं म्हणजेच तर तिची डॉक्टरकी.

पण एक्स-रे सेंटरचे मालक अण्णासो सर — त्यांना कुणीतरी येऊन सॉफ्टवेअर गळ्यात मारलं होतं. किरणं कमी सोडायची, मग चित्रात दाणे वाढतात, ते संगणकाने पुसायचे, आणि बारकावे मात्र जसेच्या तसे राहणार म्हणे. म्हणे! पुसणाऱ्याला काय ठाऊक, दाणा कुठला नि भेग कुठली? सर येईल त्याला पडद्यापुढे उभं करत होते. "बघा, कसं लोण्यासारखं आलंय." आणि लोक माना डोलवत होते. फिल्म चकचकीत निघाली की तपासणी भारी झाली, एवढीच यांची अक्कल. कोल्हा काकडीला राजी.

बाहेर बाकांवर फुटबॉल खेळणारी निम्मी तालीम येऊन बसली होती. शिवाजी पेठेच्या गोलकीपरचं मनगट दुखतंय म्हटल्यावर तो एकटा कसा येईल... काल आदर्शने पेनल्टी अडवली आणि हातावर पडला, उद्या फायनल. मघाशी संघाला शिकवणारे ज्ञानू वस्ताद दार न वाजवताच आत आले होते. "मॅडम, हाड बरं हाय एवढं लिव्हा की. खेळवायचं आमी बघतो."

खेळवायचं आम्ही बघतो. तिचा रिपोर्ट म्हणजे जसा काही मैदानाचा पास. त्यांना उत्तर द्यायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

तिने पुसण्याआधीचं मूळ चित्र उघडलं. दाणेच दाणे. आणि त्या गर्दीत, काजूच्या कमरेशी, केसाएवढी एक काळी रेघ... सापडली. शिवलीलाच्या छातीत काहीतरी आनंदाने उसळलं. क्षणात तिने सरांना बोलावलंसुद्धा, मनातल्या मनात, पडद्यापुढे उभं केलं — लोण्याबरोबर भेगही पुसलीत की सर — आणि त्यांचं उतरलेलं तोंड डोळे भरून पाहिलं. वाक्य छान जमलं होतं, म्हणून तिने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

मग पुन्हा पडद्याकडे बघितलं तर रेघ नव्हती. नुसते दाणे.

मान तिरकी केली, होती. चष्मा पुसला, नव्हती. भेग असेल आणि हा उद्या खेळला, तर त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटेल आणि मनगट जन्माचं जाईल. नसेल आणि हात बांधायला लावला, तर त्याची फायनल जाईल, आणि पेठ ते त्याला मरेपर्यंत ऐकवत राहील. एवढं सगळं एका रेघेवर, आणि ती रेघ... मी ती बघते आहे की मला ती हवी आहे? हे हाड मोडलेलं असावं असं मला वाटतंय. कुणाचं हाड, याच्याशी मला घेणंदेणंच नाही.

सॉफ्टवेअरला निदान कुणाचं तोंड उतरलेलं बघायचं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली, आणि ती नेहमीसारखी दुसऱ्या कुणावर ढकलता येईना.

तिने आदर्शला आत बोलावलं. अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा असतो. तिथे दाबल्यावर कळ आली तर भेगेची शंका धरायची, चित्र काही का म्हणेना. तो समोर बसला, हात पुढे केला. ज्ञानू वस्ताद दारातच उभे राहिले.

"दाबा की मॅडम," आदर्श म्हणाला. "काय दुखत न्हाय."

अजून तिने हात लावलाही नव्हता. त्याचा जबडा आधीच आवळलेला होता; दुखलं तरी हा तोंडातून ब्र काढणार नव्हता. डोळ्याखालची एखादी शीर हलली, तर तेवढ्यावरून तिलाच ओळखावं लागणार होतं. आणि ती हलली, तर आपल्याला बरं वाटणार होतं. शिवलीलाने खळग्यावर अंगठा टेकवला. अंगठा तसाच राहिला, तिला दाबवेना.